तांबड्या मातीची भूक

हवाईतल्या ओआहू बेटावर, वायकीकीच्या किनाऱ्यावर वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मनोआ दरीच्या टोकाला लायन आर्बोरेटम आहे, तिथे ४००० च्या आसपास. मधलं अंतर दहा किलोमीटरसुद्धा नाही. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस खाली वाईला येईपर्यंत कसा आवरता घेतो हे ज्याने पाहिलंय, त्याला यात नवल वाटणार नाही. डोंगर आडवा आला की ढग एका अंगाला रिकामे होतात, एवढंच. पण दापोलीत मृदशास्त्रात एम.एस्सी. करून मी पीएच.डी.ला मनोआला, हवाई विद्यापीठात जायचं ठरवलं, तेव्हा हे कुणाला सांगणार? ‘हवाईला? आणि मातीचा अभ्यास करायला?’ असं विचारताना लोकांच्या डोळ्यांसमोर नारळ आणि समुद्र. नारळ आणि समुद्र आमच्या दारातही होते की. त्यासाठी कोण एवढ्या लांब जातंय!

मी गेले ती तिथल्या खडकासाठी. हवाईची बेटं मुळापासून बेसॉल्टची. सह्याद्रीही बेसॉल्टचाच. दोन्हीकडे पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेतून लाव्हा वर आला. आपला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आला आणि थांबला. ती जागा आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. हवाईचा अजून येतोच आहे. मी तिथे असताना २०१८ च्या उन्हाळ्यात पुना भागात जमीन फाटून लाव्हा वाहिला, शेकडो घरं आणि कितीतरी पपईच्या बागा त्याखाली गेल्या. म्हणजे मूळ माल एकच, हवा उष्ण, फरक काय तो वयाचा आणि पाण्याचा. अमेरिकेच्या वर्गीकरणात मातीचे बारा मुख्य वर्ग आहेत, त्यातले दहा या एवढ्याशा बेटांवर सापडतात.

विद्यापीठ १९०७ साली सुरू झालं तेच मुळी शेतकी कॉलेज म्हणून. तेव्हा बेटांवर ऊस आणि अननसाच्या मळेवाल्यांचं राज्य होतं आणि बराच काळ संशोधनही त्यांच्याच कलाने चाललं. ऊस आता संपला. माउई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या डिसेंबरात बंद पडला. चिमणी थंड झाली की भोवतालच्या गावाचं काय होतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. मी पाहिली ती शेकडो एकर उघडी पडलेली, गवत माजलेली जमीन, आणि तिचं पुढे काय करायचं यावर विभागात होणाऱ्या न संपणाऱ्या चर्चा. विभागाच्या नावातच ‘उष्णकटिबंधीय वनस्पती आणि मृदशास्त्र’ आहे. वर्गात फिलिपिन्सचे, सामोआचे, श्रीलंकेचे विद्यार्थी. भात कसं शिजवायचं यावर मतभेद, पण भात हवाच यावर एकमत.

पहिल्या वर्षीच्या फील्ड कोर्सने माझं बरंच शिकलेलं उलटंपालटं केलं. पीटर विटूसेक आणि ऑलिव्हर चॅडविक यांच्यासारख्या संशोधकांनी या बेटांवर अभ्यासाच्या ठिकाणांची एक माळ लावून ठेवली आहे. प्रत्येक ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंच, पाऊस साधारण २५०० मिलिमीटर, वर जंगल ओहिया नावाच्या एकाच झाडाचं. बदलतं ते फक्त जमिनीचं वय. किलाउएआ ज्वालामुखीजवळचा लाव्हा ३०० वर्षांचा. मग २००० वर्षांचा, मग २०,००० चा, कोहालाला दीड लाख, मोलोकाईला १४ लाख आणि शेवटी कवाई बेटावर कोके इथे ४१ लाख वर्षं. एरवी मातीचं म्हातारपण बघायला कुणाकडे एवढा वेळ असतो? इथे विमानाचं तिकीट काढलं की झालं.

कोवळ्या लाव्ह्यावर झाडं खुरटी. कारण खडकात नत्र मुळी नसतंच, ते हवेतून हळूहळू यावं लागतं. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर असतं, पण नत्राअभावी झाड ते वापरू शकत नाही. मधल्या वयाची माती सगळ्यांत श्रीमंत. आणि कवाईची म्हातारी माती? तिथे नत्र आहे, पण लाखो वर्षांच्या पावसाने खडकातला चुना, पालाश (पोटॅश), सिलिका धुऊन नेलाय, आणि जे स्फुरद उरलंय ते लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी घट्ट धरून ठेवलंय. खत घालून केलेल्या प्रयोगांत ३०० वर्षांच्या जागी झाडं नत्राला वाढली आणि ४१ लाख वर्षांच्या जागी स्फुरदाला. मग तिथलं जंगल जगतं कशावर? चॅडविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं की त्या जंगलाला मिळणारं स्फुरद बऱ्याच अंशी मध्य आशियातल्या वाळवंटांच्या धुळीतून येतं. पॅसिफिक ओलांडून. धूळ कुठून आली याचा सुगावा लागला गारगोटीवरून. हवाईच्या बेसॉल्टात गारगोटी नसते, आणि मातीत मात्र तिचे बारीक कण सापडतात. ते स्थानिक असूच शकत नाहीत.

कोकेच्या कड्यावर उभं राहून मी खालच्या वैमेआ दरीकडे बघत होते. लाल, तांबडी, जांभळट. माझ्या बुटांना लागलेला रंग थेट आमच्या सड्यावरचा, कोकणातल्या जांभ्याच्या पठारावरचा. पण आमचा सडा त्याहूनही किती जुना.

आणि मग ओआहूच्या पश्चिमेची लुआलुआलेई दरी. वाइआनाए डोंगराच्या आडोशाला, कोरडी, रखरखीत. तिथे खड्डा खणला तर काय निघावं? काळी माती! चिकण, उन्हाने हातभर भेगाळलेली, अगदी सोलापूरकडची उचलून आणल्यासारखी. खडक तोच, पाऊस कमी, त्यामुळे सिलिका आणि चुना धुऊन गेला नाही, आणि फुगणारी-आकसणारी चिकणमाती तयार झाली. आपल्याकडे हाच खेळ घाटाच्या दोन बाजूंना आहे, पण इथे बसचा पास खिशात असला की अर्ध्या दिवसात कोकण आणि देश दोन्ही बघून होतं.

आमच्या गाइड बाई एकदा म्हणाल्या की जगातलं बरंचसं मृदशास्त्र थंड देशांतल्या मातीवर उभं राहिलंय, आणि आपण ते इथे नेसवायला बघतो. मला तेव्हा ते जरा व्याख्यानी वाटलं. मग हिलोची माती हातात आली.

हिलो म्हणजे बिग आयलंडचा ओला किनारा, ज्वालामुखीच्या राखेची माती. तिचं ढेकूळ घेतलं तर कोरडं, भुसभुशीत वाटतं. अंगठ्याने दाबत राहिलं की एका क्षणी ते आंबोळीच्या पिठासारखं बुळबुळीत होतं आणि बोटांच्या फटीतून पाणी निघतं. एवढं पाणी त्यात होतं कुठे, हे समजत नाही. आता कुठल्याही प्रयोगशाळेतला पहिला धडा काय? नमुना सावलीत वाळवा, कुटा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा. ही माती वाळवली की तिचे कण कायमचे आकसून खडे होतात. पुन्हा पाण्यात घातली तरी मूळ रूपावर येत नाही. म्हणजे पहिल्याच पायरीवर तुम्ही ती माती मारून टाकता, आणि पुढे सगळी तपासणी वेगळ्याच पदार्थाची होते. म्हणून हिलोचे नमुने ओलेच ठेवायचे. फ्रीजमध्ये, पिशवीत बांधून, वर मोठ्या अक्षरांत ‘वाळवू नका’.

माझ्या प्रबंधाचा विषय स्फुरदाचं स्थिरीकरण. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर टाकलेलं सुपर (सुपर फॉस्फेट) जातं कुठे. यासाठीची पद्धत रॉबर्ट फॉक्स यांनी युजीन कॅम्प्रथ यांच्यासोबत १९७० मध्ये प्रसिद्ध केली. फॉक्स हवाईतलेच, त्यामुळे मी ती माहेरच्या घरात शिकले म्हणायला हरकत नाही. नळ्यांत तीन-तीन ग्रॅम माती, त्यावर कॅल्शियम क्लोराइडचं पातळ द्रावण, आणि एकेका नळीत वाढत्या मात्रेने स्फुरद. सहा दिवस ठेवायचं. रोज दोनदा, अर्धा-अर्धा तास हलवायचं. मग गाळायचं आणि पाण्यात किती स्फुरद उरलं ते मोजायचं. जे उरलं नाही ते मातीने घेतलं. पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम उरलं तर बऱ्याच पिकांना पुरतं, असा त्यांचा ठोकताळा.

मोजणी रंगाची. अमोनियम मॉलिब्डेट आणि क जीवनसत्त्व घातलं की स्फुरद असेल तेवढा निळा रंग चढतो. वीसेक मिनिटांत रॅकमधल्या नळ्या डावीकडून उजवीकडे फिक्या आकाशीपासून गडद निळ्यापर्यंत रंगत जातात. निदान तशी अपेक्षा असते. लुआलुआलेईच्या काळ्या मातीच्या नळ्या तशाच रंगल्या, थोडं टाकलं तरी निळं. ओआहूच्या मधल्या पठारावरच्या वहिआवाच्या तांबड्या मातीत पहिल्या काही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ, मग रंग. हिलोच्या रॅकमध्ये जवळजवळ शेवटपर्यंत काही नाही. किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या वर स्फुरद ओतलं तरी माती ते गिळून पाणी कोरडं ठेवत होती. शेजारच्या टेबलावरचा सामोआचा मुलगा म्हणाला, ‘तू बहुतेक मॉलिब्डेट घालायला विसरलीस.’ विसरले नव्हते.

मला अर्थातच आमची माती त्या रॅकमध्ये हवी होती. पण परदेशातून अमेरिकेत माती नेणं म्हणजे पिशवीत घालून नेणं नव्हे. तिच्यासोबत बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी काय काय जाईल, म्हणून कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि परवान्याची अट अशी की काम झाल्यावर उरलेली माती, ज्या कागदातून गाळली तो कागद, नळ्या धुतलेलं पाणी, सगळं निर्जंतुक करून मगच टाकायचं. हवाईला याबाबत थट्टा चालत नाही, आणि चालू नयेच. २०१० मध्ये कोनाच्या कॉफीत बोंड पोखरणारा भुंगा सापडला. आता जंगलात शिरताना बूट घासून त्यावर अल्कोहोल मारावं लागतं, कारण ओहियाची झाडं एका बुरशीने पटापट वाळताहेत. बाबांना फोनवर सांगितलं की वापरून झालेली आपली माती १२१ अंशांवर वाफवतात. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग आम्ही राब भाजतो तेव्हा तुम्ही लोक बोंबलता कशाला?’

राब म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा रचून ती भाजणं. हा टोला मला फार दिवस पुरला.

दापोलीची वरकस, म्हणजे वरच्या सड्याकडची माती हिलोच्या पासंगालाही पुरली नाही, पण वहिआवाच्या बरीच जवळ गेली. त्याच शिवारातली, खालच्या भातखाचरातली माती मात्र कमी खादाड निघाली. याचा अर्थ लावायला गोरो उएहारा यांचं काम उपयोगी पडलं. तेही मनोआचेच. त्यांनी गेव्हिन गिलमन यांच्यासोबत उष्ण प्रदेशातल्या मातीच्या विद्युतभारावर १९८१ मध्ये एक पुस्तक लिहिलं, आणि माझ्या मते या विषयात तेवढं एक नीट वाचलं तरी अर्धी पदवी झाली.

गोष्ट अशी. काळ्या मातीतल्या चिकणकणांवर ऋण भार असतो आणि तो स्फटिकाच्या आत पक्का बसलेला असतो. त्यावर चुना, पालाश, मॅग्नेशियम धरून राहतात. सामू, म्हणजे मातीचा पीएच, थोडा इकडेतिकडे झाला म्हणून तो भार जात नाही. तांबड्या मातीचं तसं नाही. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा भार त्यांच्या पृष्ठभागावर असतो आणि तो सामूनुसार बदलतो. माती आम्ल झाली की पृष्ठभाग हायड्रोजन ओढून घेतो आणि धन होतो. मग पालाश, चुना धरवत नाही, पावसाबरोबर खाली जातो, आणि स्फुरद मात्र येऊन चिकटतं, नुसतं चिकटत नाही तर ऑक्साइडाशी रासायनिक बंध करून बसतं. सामू वाढवला की ऋण भार वाढतो, माती धरायला लागते. म्हणजे देशावर चुन्याचा मुबलकपणा हीच अडचण, आणि कोकणात तोच चुना हात राखून का होईना घालायचा. हात राखून अशासाठी की जास्त झाला तर जस्त आणि मँगनीज रुसतात.

इथे मला कोकणी माणसाची जुनी तक्रार करायची आहे. आपल्याकडे शेतीचं सगळं बोलणं काळ्या मातीच्या मनाने चालतं. ‘काळी आई’ म्हटलं की महाराष्ट्राची जमीन झाली. तांबडीला आपण हलकी म्हणतो, नापीक म्हणतो, कलमं लावून मोकळे होतो. ती हलकी नाही. तिचे नियम निराळे आहेत, इतकंच, आणि ते नियम कुठे लिहून ठेवलेत हे मला सड्यावर वाढूनही परदेशी जाऊन कळलं. यात परदेशाचं कौतुक कमी आणि आपल्या अभ्यासक्रमाची गंमत जास्त आहे.

भातखाचर कमी खादाड का, हे कळलं ते मात्र पाण्यातून. चिखलणी करून पाणी साठवलं की मातीतला प्राणवायू संपतो. जिवाणू मग श्वासासाठी लोहाचा आधार घेतात, तांबडं लोह विरघळणाऱ्या रूपात जातं, आणि त्याने धरून ठेवलेलं स्फुरद सुटतं. शेकडो वर्षं ज्या मातीवर हे दर पावसाळ्यात होतंय तिचा स्वभावच बदलतो. त्यामुळे वरच्या सड्यावर नाचणीला जे स्फुरद मिळणार नाही, ते खाली भाताला मिळतं. आणि राब? पालापाचोळा, गोवऱ्या, टहाळ रचून तरव्याची जागा भाजली की राखेने सामू चढतो, पालाश मिळतो, तणाचं बी मरतं. सेंद्रिय कर्ब जळतो हे खरंच आहे, आणि टहाळासाठी डोंगर बोडके होतात तेही खरं. पण ज्या शेतकऱ्याला चुन्याचं पोतं परवडत नव्हतं त्याने सामू वाढवायची ही युक्ती शोधली होती. ‘राब सोडा’ हे वाक्य शिकवताना त्यातलं रसायन आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

हेच रसायन मनोआच्या आवारात, वसतिगृहांपासून चालण्याच्या अंतरावर चालू असतं. का पापा लोइ ओ कानेवाई नावाची अळूची खाचरं आहेत तिथे. मनोआ ओढ्याचं पाणी पाटाने आणलेलं, एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाणारं. आपल्या आगरातले पाट पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटणं शक्य नाही. गुडघाभर चिखलात उतरून लागवडीला मदत करायला कुणीही जावं. हवाईत अळूला कालो म्हणतात आणि त्याचं नातं थेट घरातलं: आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे अळू उगवलं, आणि नंतर झालेलं दुसरं मूल म्हणजे माणसांचा पूर्वज. म्हणून अळू हा थोरला भाऊ. मी तिथे सांगितलं की आमच्याकडे सणाला पानांची पातळ भाजी आणि वड्या होतात, तर तिथले एक अंकल म्हणाले, ‘आणि कंद?’ आम्ही कंदाकडे फारसं बघत नाही हे ऐकून त्यांना माझी दया आली. ते कंद उकडून, कुटून त्याचा पोई करतात, आणि तो हलक्या जांभळट राखी रंगाचा असतो. चव? चौथ्या-पाचव्या वेळेला आवडायला लागते, असं सभ्यपणे म्हणते.

अंकल पाण्यात हात घालून सांगायचे की आज पाटाचं दार जास्त उघडायला हवं. पाणी तापलं आणि थांबलं की कंद सडतो. पाठ्यपुस्तकात हे पिथियम या बुरशीसदृश जीवाच्या नावाने येतं, गरम आणि साचलेल्या पाण्यात तो फोफावतो. दोघांचं म्हणणं एकच. पण विद्यापीठ आणि हे लोक यांच्यात सगळं गोड नव्हतं. विद्यापीठाने अळूच्या करपा-सहनशील तीन जातींची पेटंटं घेतली होती. थोरल्या भावाची मालकी कागदावर कशी काय लिहिता, असा प्रश्न हवाईयन लोकांनी उभा केला, आंदोलन झालं आणि २००६ मध्ये विद्यापीठाने ती पेटंटं सोडून दिली. माझ्या वेळी हे सगळं होऊन वर्षं लोटली होती, तरी पीक सुधारणेच्या तासाला हा विषय निघाला की वर्गाचा आवाज बदलायचा. मला वाटतं प्रत्येक कृषी पदव्युत्तर वर्गात असं एखादं प्रकरण शिकवावं. संकराचं गणित तर येतंच सगळ्यांना.

आणखी एक गोष्ट वहिआवाची, कारण ती मला स्फुरदाच्या गोष्टीची जुळी बहीण वाटते. शंभरेक वर्षांपूर्वी ओआहूच्या मधल्या पठारावर अननस पिवळा पडायचा, पानं पांढुरकी व्हायची, मळेच्या मळे वाया. लोहाची कमतरता म्हणावी तर माती लोहाने रसरसलेली. १९१६ मध्ये तिथल्या कृषी संशोधन केंद्रावरच्या मॅक्सवेल जॉन्सन यांनी दाखवलं की त्या मातीत मँगनीज इतकं आहे की झाडाला लोह घेताच येत नाही. उपाय मातीत नव्हताच. पानांवर हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, फवारली आणि अननस हिरवा झाला. मातीत काय आहे आणि झाडाला काय मिळतं, या दोन प्रश्नांमध्ये किती मोठी दरी असते! आपण माती परीक्षणाचा अहवाल वाचतो तेव्हा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याचं समजून वाचतो.

बाकी पीएच.डी.चं आयुष्य जसं असतं तसं होतं. शिष्यवृत्तीत भाडं जेमतेम बसायचं, पदवीच्या मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या, पाच जणांच्या समितीला एकाच दिवशी मोकळं करायचं म्हणजे मुहूर्त काढण्याहून कठीण. तोंडी परीक्षेत एकाने खडू हातात दिला आणि म्हणाले, ‘पावसाचा एक थेंब हिलोत पडला, तो समुद्रात जाईपर्यंत वाटेत काय काय उचलतो ते काढून दाखव.’ फळा संपला तरी थेंब समुद्रात पोचला नव्हता.

मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिथे प्रत्येक जण आपल्या गावाचा प्रश्न घेऊन आला होता. पूर्वीही तसंच असणार. फिलिपिन्सचे रामोन बार्बा १९६० च्या दशकात याच विद्यापीठातून पीएच.डी. करून परत गेले आणि पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीने आंब्याला हवा तेव्हा मोहोर आणता येतो हे त्यांनी दाखवलं. पुढे ते त्यांच्या देशाचे राष्ट्रीय शास्त्रज्ञ झाले. आपल्या हापूसला मोहोरासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे रसायन लागू पडलं, त्याचं काम दापोलीत झालं, आणि तेही असंच दारातल्या झाडाकडे बघून झालेलं काम आहे. पण एरवी? आपल्याकडचे कितीतरी प्रबंध म्हणजे शिफारशीत मात्रेच्या ७५, १०० आणि १२५ टक्के, तीन पुनरावृत्ती, आणि निष्कर्ष काय तर १०० टक्के बरं. मुलांना दोष देत नाही. एम.एस्सी. करताना अर्ध्या वर्गाच्या उशाला एमपीएससीची पुस्तकं असतात, आणि नोकरीच नसेल तर असावीतच. पण दोन वर्षं ज्या मातीत घालवायची तिला एकही खरा प्रश्न न विचारता बाहेर पडायचं, हे मला खर्चिक वाटतं.

परत आल्यावर पहिल्याच पावसाळ्याच्या तोंडावर शेजारचे तात्या मृद आरोग्य पत्रिका घेऊन आले. २०१५ पासून ही पत्रिका गावोगाव मिळते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा बारा गोष्टी त्यात असतात. चांगली योजना आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तात्यांच्या कागदावर सामू ५.४ आणि स्फुरदापुढे ‘कमी’.

‘कमी आहे तर किती पोती टाकू गो?’

आता या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कागदावर नाही. मातीत स्फुरद कमी आहे हे त्यावर आहे, पण टाकलेल्यातलं माती किती गिळणार हे नाही. सहा दिवस नळ्या हलवत बसणारी तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत कोण करणार, आणि सहा दिवस सलग वीज तरी कुठे असते? एकच ठरावीक मात्रा घालून एका दिवसात अंदाज घ्यायची सोपी पद्धत आहे, ती इथल्या मातीवर बसवून बघायचं माझं चाललंय. तोवर जे पक्कं माहीत आहे ते तात्यांना सांगितलं. सुपर बागभर फेकू नका, जेवढ्या जास्त मातीला ते लागेल तेवढी जास्त माती ते खाईल. झाडाच्या घेराखाली चर काढा, शेणखतात कालवून तिथेच घाला. शेणखत कुजताना जी आम्लं निघतात ती ऑक्साइडांवरच्या जागा आधीच अडवतात, मग स्फुरदाला चिकटायला जागा कमी उरते. थोडा चुना आधी टाका, पोत्यांचा आकडा निम्म्यावर आणा आणि दोन-तीन हंगाम बघू.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, शंका विचारल्या, चराची खोली हाताने दाखवून नक्की करून घेतली. मग म्हणाले, ‘मागच्या दोन रांगा तुझ्या पद्धतीने करू. रस्त्याकडेची झाडं मात्र माझ्याच पद्धतीने. ती येणारेजाणारे बघतात.’